दहा दिवसांची मुदत

‘दोघंही या हं अंकल, एकटे नका येऊ. गिफ्ट जोडीलाच मिळतं,’ असं फोनमधली मुलगी म्हणाली आणि स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरणाऱ्या नंदिनीचा हात थांबला. बाबांना हल्ली कमी ऐकू येई, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. त्यामुळे नागपूरच्या जरीपटक्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात कोणाचाही फोन आला तरी तो सगळ्यांचाच असे. आवाज अनोळखी होता, पण वाक्य नंदिनीचं होतं. ‘जोडीलाच’वर दिलेला जोर, त्यानंतरचा हसरा श्वास, सगळं तिचं होतं. थायलंडमधल्या फुकेतच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये गेली तीन वर्षं ती हे वाक्य हिंदीत, मराठीत आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत दिवसातून तीस तीस वेळा म्हणत आली होती. नवरा एकटा आला की ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणून सटकतो, बायको एकटी आली की ‘यांना विचारते’ म्हणते. दोघं एका टेबलाशी बसली की विचारायला कोणी उरत नाही. त्या आपुलकीमागचं गणित एवढंच. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं होतंच, ते तिनं कोपरानं पुसलं आणि पुन्हा चिरायला लागली.

बाबा म्हणजे नागसेन गोंडाणे, टपाल खात्यात तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेले. महिन्यापूर्वी वर्धा रोडवरच्या एका मॉलमध्ये त्यांनी कुपन भरून पेटीत टाकलं होतं. मोबाइल नंबर, पत्ता, पिनकोड, सगळं सुवाच्य. ‘हजारो कुपनांतून आपलं निघालं वं,’ ते आईला सांगत होते. ‘माह्यं अक्षर पाहूनच काढलं असन.’ सगळ्यांचीच निघतात बाबा, पेटीतलं एकही वाया जात नाही, हे नंदिनीच्या अगदी ओठांवर आलं. पण तेवढं बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुले कसं माहीत? आणि त्या प्रश्नाचं उत्तर ती तीन वर्षं चुकवत होती. घरात, गल्लीत, विहारात, सगळीकडे ती ‘गेस्ट रिलेशन्स मॅनेजर’ होती. छातीवरच्या बिल्ल्यावर तसं छापलेलंही होतं. रिसॉर्टमधल्या चाळीसही जणांच्या बिल्ल्यांवर तेच छापलेलं होतं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. पगार नावाची गोष्टच नव्हती. सुट्टीवर आलेल्या जोडप्याला न्याहारी खाऊ घालायची, नमुन्याची खोली दाखवायची, टेबलाशी बसवायचं आणि रिसॉर्टमधला दरवर्षी एका आठवड्याचा मुक्काम पंचवीस वर्षांसाठी आगाऊ विकायचा. विकला तर टक्केवारी, नाही विकला तर दोन वेळचं जेवण आणि चौघींत एक खोली. ‘अन् आपली नंदू तर याच लाइनमधली हाय,’ बाबा पुढे म्हणाले. ‘ती बसन सोबत. मंग आपल्याले कोण फसवन?’ आई, वच्छला, डब्यातले पोहे मापत म्हणाली, ‘मले डिनर सेट भेटला तर बरं. बुधवारी नंदूचं विमान, मंगळवारी चार माणसं जेवाले येतील.’ बारा दिवसांच्या सुट्टीत नंदिनीनं गप्प बसण्याचा हा कितवा प्रसंग होता, हे तिनं मोजणं सोडून दिलं होतं.

रविवारी अकराला तिघं ऑटोनं निघाली तेव्हा मे महिन्याचं ऊन अंगावर येत होतं. आईनं लग्नातली काठाची साडी नेसली होती आणि डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला होता. नंदिनीला चीड येत होती, पण ती नक्की कोणाची हे तिला ठरवता येत नव्हतं. बाबांची यावी तर ते लहान मुलासारखे खूश होते. त्या फोनवाल्या मुलीची यावी तर ती म्हणजे आपणच. मग तिनं नेहमीप्रमाणे गोपाळराव आणि इंदूबाई यांच्यावर राग काढायला सुरुवात केली. दीड वर्ष झालं, रागासाठी हे दोघं हाताशी होते. अमरावतीचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मुलानं हौसेनं थायलंडच्या सहलीला धाडलेले. टेबलाशी बसता बसता इंदूबाईंनी विचारलं होतं, ‘तू नागपूरची का वं? बोलण्यावरून वाटतेच.’ मग धंद्याचं बोलणं राहिलंच बाजूला. सावजी रश्शाच्या, उन्हाळ्याच्या, इंदूबाईंच्या गुडघ्याच्या गप्पा झाल्या, आणि पावणेतीन तासांनी गोपाळरावांनी नंदिनीनं न मागताच सही केली. चार महिन्यांतली ती तिची पहिली सही होती. हॉलमधली घंटा वाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी तिच्या गळ्यात ऑर्किडची माळ घातली. त्या संध्याकाळी घरी फोन करून ती म्हणाली, ‘बाबा, प्रमोशन झालं.’ दुसरा शब्दच सुचला नाही. बाबांनी संत्रा बर्फी आणून गल्लीतल्या अठरा घरांत वाटली. आणि नवव्या दिवशी गोपाळरावांचा दोन ओळींचा मेल आला: करार रद्द करावा. दहा दिवसांच्या आत रद्द केलं की गिऱ्हाइकाचे पैसे परत, विकणाऱ्याची टक्केवारी साफ, वर तिच्या नावापुढे ‘रद्द’ असा शेरा आणि गिऱ्हाईक वाटपाच्या रांगेत महिनाभर शेवटचा नंबर. सही परत गेली, बर्फी परत कशी घेणार? प्रमोशन तसंच राहिलं.

तेव्हापासून ती त्या पावणेतीन तासांची उलटतपासणी करत आली होती. आपण कुठं चुकलो? गुडघ्याबद्दल जास्त विचारलं का? मुलगा आडवा आला असेल का? की हॉटेलवर गेल्यावर दुसऱ्या कोणी कान भरले? रात्री वरच्या बंकवर पडल्या पडल्या ती त्यांना मनातल्या मनात शिव्या घाली, आपल्याच भागातल्या माणसांनी असं करावं म्हणून जास्त घाली. परक्यानं मारलं तर माणूस चोळून घेतो. ऑटो वर्धा रोडवरच्या एका हॉटेलपुढे थांबला. दारावर फुग्यांची कमान होती आणि बाबा ऑटोवाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालत असतानाच आतल्या गाण्याचा दणका बाहेरपर्यंत येत होता.

आत वीसेक गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक बिल्लेवाला. गाणं मोठ्यानं का लावतात ते नंदिनीला ठाऊक होतं: एका टेबलावरचा ‘नाही’ दुसऱ्या टेबलाला ऐकू जाता कामा नये. एसी इतका का वाढवतात, पाणी मागितल्याशिवाय का देत नाहीत, घड्याळ का टांगत नाहीत, सगळं ठाऊक होतं. माणूस स्वतःच्या घरात डोळे मिटूनही चालावा तशी ती त्या हॉलमध्ये चालली. त्यांच्या टेबलाशी आलेली मुलगी चोविसेक वर्षांची होती. बिल्ल्यावर काजल असं नाव, काळा कोट खांद्यात सैल, बहुधा दुसऱ्या कोणाचा. फोनवरचा आवाज तिचाच होता. जोडप्याबरोबर आलेलं तिसरं माणूस म्हणजे या धंद्यात डाळीतला खडा. नंदिनीला पाहून काजलचा चेहरा क्षणभर पडला आणि मग ती जास्तच हसली. ‘दीदीपण आल्या, वा! दीदी काय करतात?’ ‘फॉरेनले राहते,’ बाबा म्हणाले. ‘मॅनेजर हाय. मोठ्या रिसॉर्टले.’ ‘अरे वा,’ काजल म्हणाली, आणि तिनं तो विषय तिथंच सोडला. नंदिनीला वाटलं, बावळट, तो धागा पकडायचा असतो. मुलगी परदेशी आहे म्हटल्यावर पुढचं सगळं त्यावर उभं करता येतं.

आणि मग जे सुरू झालं त्यानं नंदिनीच्या डोक्याची शीर तटतटू लागली. काजल वाईट विकत होती. तिनं आधी विचारायला हवं होतं की काका, शेवटचे कुठं फिरायला गेला होता. तिनं आधी गोव्याचे फोटो दाखवले. आई समोर मांडलेल्या डिनर सेटकडे टक लावून बसली होती, ते तिच्या लक्षातही आलं नाही. हिशेबाचा कागद तिनं बाबांकडे उलटा ठेवला. बाबा ‘दीक्षाभूमीशिवाय अन् एकदा बोधगयेशिवाय आमी कुठंच गेलो नाही’ म्हणाले, तेव्हा कोणीही शहाणी विक्रेती तिथं गप्प बसली असती, ते वाक्य त्यांचं त्यांना ऐकू येऊ दिलं असतं. ही आपली बोलतच सुटली: स्विमिंग पूल, जिम, मुलांसाठी प्ले एरिया. यांच्या घरात कुठली आली मुलं? नंदिनी टेबलाखाली अंगठ्यानं बोट दाबत बसली. आईबाबांना वाचवायला म्हणून ती आली होती आणि तिचा जीव जळत होता तो धड न झालेल्या विक्रीसाठी. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली, तरीसुद्धा तिनं हात पुढे करून हिशेबाचा कागद बाबांकडे सुलटा केला. काजलनं दचकून तिच्याकडे पाहिलं. ही याच धंद्यातली, हे तिला एका नजरेत कळलं असावं, कारण त्यानंतर ती नंदिनीकडे बघेनाशी झाली.

‘तुमाले पगार किती देतेत वं?’ आईनं मध्येच विचारलं. आई बँकेतल्या मुलीलाही हेच विचारी. काजल थबकली. ‘फिक्स नाही राहत, आंटी. कोणी मेंबर झालं तर भेटते.’ ‘अन् नाही झालं तर?’ ‘तर नाही भेटत.’ ‘मंग जाणं-येणं?’ ‘मनीषनगरहून स्कुटीनं येते. पेट्रोल माह्यंच.’ आईच्या तोंडून ‘अगं माय’ असं निघालं. नंदिनीला हे ठाऊक होतं. फुकेतला नव्या मुलींना ती स्वतः शिकवायची: सगळे उपाय थकले की हे सांगा, खरं सांगितल्यासारखं सांगा. पण काजल ते शिकवल्यासारखं बोलली नव्हती; बोलून झाल्यावर ती खजील होऊन कागद नीट करू लागली. शिकवलेलं असो की नसो, ते खरंच होतं, आणि याच गोष्टीनं नंदिनी अधिक वैतागली. खोटं असतं तर निदान बाबांना हाताला धरून उठवता आलं असतं.

मग अंकित आला. निळा सूट, हातात सोन्याचं कडं, बिल्ल्यावर ‘सीनियर’. हा शेवटचा घाव घालणारा; प्रत्येक हॉलमध्ये एक असतो. ‘अंकल, हा भाव फक्त आज, फक्त या टेबलासाठी,’ तो उभ्याउभ्याच म्हणाला, आणि जाताना काजलच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. काजलची मान खाली गेली. बाबांनी ते पाहिलं. ते म्हणाले, ‘कागद द्या, वाचतो.’ काजलला वाटलं संपलं, कारण वाचणारं गिऱ्हाईक घेत नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि सात पानांचा करार पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. पत्ता अर्धा पुसलेलं पाकीटसुद्धा ज्यांनी तीस वर्षांत परत पाठवलं नाही, ते बारीक टायपाला काय भिणार? दोन गाणी संपली. तिसऱ्यात ते पाचव्या पानावर थांबले, एका ओळीवर नख ठेवलं आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. नंदिनीनं वाकून पाहिलं. कलम चौदा. सदस्यास दहा दिवसांचे आत करार रद्द करता येईल.

‘पेन द्या बाई,’ बाबा म्हणाले. आई म्हणाली, ‘अहो!’ त्यांनी आईला डोळ्यांनी थांबवलं आणि नंदिनीकडे झुकून, त्यांना हळू वाटणाऱ्या, पण टेबलभर ऐकू जाणाऱ्या आवाजात सांगितलं, ‘करतो सही. तिचं काम होऊन जाते. आठ-नऊ दिवसांनी रद्द करून टाकू, आपले पैसे वापस. कोणाचंच नुकसान नाही. तो निळा कोट कसा बोलला पाह्यलं नं?’ त्यांचा चेहरा उजळला होता, सगळ्यांचं भलं होईल अशी वाट एकट्यालाच सापडल्यासारखा. आणि नंदिनीला गोपाळरावांचा चेहरा दिसला. सही करताना त्यांचाही चेहरा असाच होता. इंदूबाईंनी उठताना तिच्या गालावर हात ठेवून ‘झालं नं तुझं काम?’ असं विचारलं होतं. म्हणजे चूक कुठलीच नव्हती. गुडघा नाही, मुलगा नाही, कान भरणारा नाही. त्यांना पहिल्यापासून काही घ्यायचंच नव्हतं. आपल्या भागातली पोरगी परक्या मुलखात उभी आहे, तिचं काम व्हावं म्हणून त्यांनी सही केली होती आणि तिला काही होणार नाही अशा समजुतीनं ती नवव्या दिवशी परत घेतली होती. दीड वर्षं ती ज्यांना शिव्या घालत होती ती दोन माणसं तिच्याशी त्या तीन वर्षांत सगळ्यात चांगली वागली होती. तिचा राग अचानक बिनमालकाचा झाला. तो कुठं ठेवायचा हेच तिला कळेना.

पेनाचं टोक कागदाला लागलं होतं. ‘बाबा, नका करू,’ ती म्हणाली. ‘रद्द केलं की तिची टक्केवारी कापून घेतात. वर शेरा मारतात. तिचं वाईट होतं त्यात.’ बाबांनी पेन तसंच धरून विचारलं, ‘तुले कसं माहीत?’ तीन वर्षं चुकवलेला प्रश्न. नेमकं एक गाणं संपलं होतं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं. ‘माझंही तसंच आहे,’ नंदिनी म्हणाली. ‘मी हेच करते तिथं. हेच टेबल, हाच कागद. पगार नाही मला.’ ‘कधीपासून?’ आईनं विचारलं. ‘पहिल्या दिवसापासून.’ ‘अन् प्रमोशन?’ ‘एका जोडप्यानं सही केली होती. मग रद्द केली.’ बाबांनी पेनाला टोपण लावलं, ते काजलच्या बाजूला सरकवलं आणि करार घडीवर घडी बसवून तिला परत दिला. ‘माफ करा बाई,’ ते म्हणाले. ‘आमी नाही घेत.’

काजल त्यांना दारापर्यंत सोडायला आली. तो नियम असतो. आईच्या हातात तिनं डिनर सेटऐवजी एक लहान खोकं ठेवलं, त्यात सहा वाट्या होत्या. मग ती नंदिनीला बाजूला घेऊन म्हणाली, ‘दीदी, काहून बोलल्या तुम्ही?’ तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. ‘तुम्हालाच तर वाचवत होते,’ नंदिनी म्हणाली. ‘रद्द झालं असतं तर...’ ‘झालं असतं तर झालं असतं. मले माहीत नाही का? उद्या यादी लागून राहिली, कोणाले ठेवतेत अन् कोणाले काढतेत त्याची. आज एक सही पाहिजे होती मले, कोणाचीबी. दहा दिवस तरी भेटले असते.’ ती वळून आत गेली. सैल कोटाची बाही तिनं वर ओढली, आणि दुसऱ्या टेबलापर्यंत पोचायच्या आत ती हसायला लागलेली होती. नंदिनीला तिच्यामागे धावून काहीतरी म्हणावंसं वाटलं. तिला तिचे स्वतःचे ते नऊ दिवस आठवले: ऑर्किडची माळ फ्रिजमध्ये ठेवलेली, रांगेत पहिला नंबर, रात्री गाढ झोप. तेवढेच नऊ दिवस तिला फुकेतचा समुद्र समुद्रासारखा दिसला होता. त्यांतूनही कोणी तिला असंच आधी ‘वाचवलं’ असतं तर?

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आई पायरीवर सावली शोधून बसली आणि खोकं मांडीवर घेतलं. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, डोक्यावर रुमाल. ते रागावतील, ओरडतील, निदान गल्लीतल्या अठरा घरांचं काहीतरी बोलतील, अशी नंदिनीची अपेक्षा होती. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘दर रविवारी फोन करत होती तू. समुद्र छान, जेवण छान, साहेब चांगले. आमालेबी टेबलाशीच बसवत होती का तू?’ ‘हो,’ ती म्हणाली. बाबांनी मान हलवली. एखादं पत्र कुठल्या गावचं ते कळलं की हलवत असावेत तशी. ‘मंग आता खरं सांग.’

‘तसं पाहिलं तर बाबा, तिथं...’ तिनं सुरुवात केली आणि तो आवाज तिच्या घशातून आला, गोड, वर चढणारा, शेवटी थोडा हसरा. बाबांनी हात वर केला. ‘हे नको. हे आत ऐकलं.’ तिनं पुन्हा तोंड उघडलं. यावेळी ‘खरं सांगू का’ असं निघालं, आणि ते तर शिकवलेल्या वाक्यांतलं सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं. ती थांबली. रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उडाली, तिच्या पापण्यांवर बसली. स्वतःच्या बापाला एक गोष्ट सांगायची होती आणि तिच्याकडे एकही वाक्य असं नव्हतं की जे आधी कोणाला काही विकायला वापरलेलं नाही. तिला इतका राग आला की तिनं पाय आपटला, तेहतीस वर्षांच्या बाईनं, भर वर्धा रोडवर, आई पायरीवरून बघत असताना.

‘मले नाही जमत थे काम, बाबा,’ ती म्हणाली. ‘तीन वर्षं झाले. नाही जमत. लोकं चांगले असले का मले विकता नाही येत, अन् वाईट असले का भेव लागते. बुधवारी जायाचं नाव नको वाटते. अन् तुमाले सांगाले त्याहून जास्त भेव लागत होतं.’

‘आमचं भेव?’ आई पायरीवरून म्हणाली. तिच्या मांडीवरच्या खोक्यातल्या वाट्या वाजल्या.

समोरून एक रिकामा ऑटो हळू होत आला, ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. बाबांनी त्याला हात केला नाही. तो पुढे गेला. मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पायरीच्या सावलीत आईशेजारी अंथरला, नंदिनीला तिथं बसायची खूण केली आणि स्वतः उन्हातच उभे राहिले.

‘बोल,’ ते म्हणाले.